भट्टीची ज्योत मंदावली? आधी वेळ पाहा, मग पाना उचला

गॅसच्या मोठ्या भट्टीची ज्योत कमी पडली की हात आपोआप पिनेकडे जातो. जेट (गॅस सोडणारं बारीक भोकाचं पितळी तोंड) कोरायचं, बर्नरला दोन ठोके मारायचे, पुन्हा पेटवून पाहायचं. कधी तेवढ्याने काम होतंही. पण बऱ्याचदा दोष जेटमध्ये नसतोच. तो गारठलेल्या सिलेंडरमध्ये, चुकीच्या रेग्युलेटरमध्ये किंवा फार रुंद पातेल्यात असतो, आणि पिनेने जेटचं भोक तेवढं कायमचं मोठं होऊन बसतं. म्हणून पाना उचलण्याआधी एकच प्रश्न विचारा: ज्योत मंदावते नेमकी कधी? पेटवल्यापासूनच मंद आहे, अर्ध्या तासाने मंदावते, की पातेलं ठेवल्यावर? निम्मं निदान या उत्तरातच होतं.

इथे भट्टी म्हणजे सोसायटीच्या गणपतीला, कोजागिरीच्या दुधाला, दिवाळीच्या फराळाला बाहेर काढतात ती बिडाच्या बर्नरची, लोखंडी तिवईवरची भट्टी. हाय प्रेशरवर चालणारी, तासाला साधारण १ किलो गॅस जाळणारी. घरच्या शेगडीचा मोठा बर्नर तासाला दीडशे ग्रॅमच्या आसपास जाळतो. त्यावरून फरक लक्षात यावा. परदेशात घरी बिअर बनवणारे लोक २०-४० लिटरचं भांडं उकळायला प्रोपेनचे जे बर्नर वापरतात ते याच जातीचे, आणि त्यांची दुखणीही हीच.

काहीही उघडण्याआधी

सिलेंडरचा वाल्व आधी बंद करा, नळीतला गॅस जळून जाऊ द्या, मगच भट्टीचा कॉक (गॅसची चावी) फिरवून बंद करा. बर्नर हाताला गार लागेपर्यंत थांबा. एलपीजी हवेपेक्षा दीड ते दोन पट जड असतो. गळला तर वर उडून जात नाही, जमिनीलगत पसरतो आणि खोलगट जागी साचतो. म्हणून सोसायटीच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये भट्टी पेटवायची नाही, मग बाहेर श्रावणाची सर कितीही जोरात असो. मोकळी जागा किंवा बाजूंनी उघडी शेड हवी, आणि शेजारी ड्रेनेजचं उघडं झाकण नको.

तीन वेळा, तीन दिशा

पेटवल्यापासून मंद असेल तर वाटेत कुठेतरी अडथळा आहे किंवा भागांचा मेळ बसलेला नाही. वाल्व पूर्ण उघडलेला नाही, रेग्युलेटर लो प्रेशरचा आहे, नळी दुमडली आहे, जेट तुंबलं आहे किंवा हवेच्या नळीत (जेटच्या पुढची जाड नळी, जिथे गॅसमध्ये हवा मिसळते) किड्याने घर केलं आहे.

सुरुवातीला छान फरफरत होती आणि वीस-तीस मिनिटांनी हळूहळू खाली बसली, तर सिलेंडर गारठला आहे. याला दुसरं कारण क्वचितच असतं.

पातेल्याविना निळी आणि पातेलं ठेवताच पिवळी, लांबट, बुडाला काजळी धरणारी झाली, तर गॅसचा काही दोष नाही. ज्योतीचा श्वास कोंडतो आहे.

चौथा प्रकारही असतो. ज्योत भोकांवरून गायब होऊन आत, जेटच्या तोंडाशी फुरफुरत जळते, ‘फट्‌’ असा आवाज येतो. मेकॅनिक याला ‘बॅक मारणं’ म्हणतात. दाब फार कमी झाला, बर्नरची भोकं मोठी झाली किंवा गॅसच्या मानाने हवा जास्त झाली की असं होतं. लगेच बंद करा. तशीच जळू दिली तर जेट आणि त्याजवळची नळी तापते.

वीस लिटर पाणी आणि वजनकाटा

‘ज्योत कमी वाटते’ हे डोळ्यांचं मत झालं. दुपारच्या उन्हात निळी ज्योत दिसतच नाही, आणि धडधडणारी भट्टी उष्णता देतेच असं नाही. त्यापेक्षा मोजून पाहा.

पातेल्यात नळाचं २० लिटर पाणी घ्या, झाकण ठेवा. सिलेंडर इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवा. रद्दीवाल्याकडे किंवा किराणा दुकानात असतो तो १०० किलोपर्यंतचा प्लॅटफॉर्म काटा चालतो. नळी जोडल्यावर वजन टिपा आणि पाणी उकळेपर्यंत सिलेंडरला हात लावू नका. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच आहे, त्यामुळे इथे पाणी ९८ अंशांनाच उकळतं. थर्मामीटरवर १०० ची वाट पाहत बसू नका.

२५ अंशांचं २० लिटर पाणी ९८ वर नेण्यासाठी सुमारे ६,१०० किलोजूल उष्णता लागते. १ किलो एलपीजीतून जवळपास ४६,००० किलोजूल मिळतात, पण उघड्या भट्टीवर त्यातले ४०-५० टक्केच पाण्यात उतरतात. म्हणजे ठीक चालणारी भट्टी या कामाला साधारण ३०० ग्रॅम गॅस घेईल, आणि ती तासाला १ किलोची असेल तर १८-२० मिनिटं लागतील.

आता निकाल वाचा. ३५ मिनिटं लागली पण गॅस ३०० ग्रॅमच गेला, तर भट्टीपर्यंत गॅसच कमी पोचतो आहे: सिलेंडर, रेग्युलेटर, नळी, कॉक, जेट या बाजूला शोधा. ३५ मिनिटं लागली आणि गॅसही साडेपाचशे ग्रॅम गेला, तर गॅस भरपूर येतो आहे पण उष्णता वाया जाते आहे: वारा, तिवईची उंची, हवेची वाट कमी-जास्त करणारी चकती. एवढा एक प्रयोग अर्ध्या दिवसाची खोलाखोल वाचवतो.

दुसरं साधन म्हणजे रेग्युलेटरनंतर बसवलेलं छोटं प्रेशर गेज, ० ते २ किंवा ० ते ४ किलोचं (दाबाच्या बाबतीत किलो म्हणजे किलो प्रति चौरस सेंटीमीटर). भट्टी बंद असताना गेज १ किलो दाखवतं आणि कॉक उघडताच पाव किलोवर कोसळतं, तर अडथळा गेजच्या आधी, सिलेंडरच्या बाजूला आहे. कॉक उघडूनही काटा १ च्या आसपास टिकतो आणि तरी ज्योत मंद, तर अडथळा गेजच्या पुढे आहे. ढोबळमानाने दाब पावपट झाला की गॅस निम्मा होतो, म्हणून काटा थोडासा खाली आला तर घाबरण्याचं कारण नाही.

सिलेंडर गारठतो तेव्हा

सिलेंडरमध्ये गॅस द्रवरूपात असतो. भट्टीला लागतो तो त्या द्रवाची वाफ होऊन वर जमलेला गॅस. वाफ व्हायला उष्णता लागते, आणि ती उष्णता द्रव स्वतःतून आणि पत्र्याबाहेरच्या हवेतून घेतो. १ किलो एलपीजीची वाफ व्हायला साधारण ३७० किलोजूल लागतात, म्हणजे सव्वा लिटर पाणी उकळीला आणण्याइतकी उष्णता. ती दर तासाला काढून घेतली जाते आहे.

१९ किलोचा भरलेला व्यावसायिक सिलेंडर हे सहज सोसतो. हवेतून येणारी उष्णता धरली नाही तरी तो एका किलोमागे सहा-सात अंशच गार होईल. पण त्यात ४ किलोच गॅस उरला असेल तर तोच एक किलो त्याला वीसेक अंश खाली ओढतो. म्हणून सकाळी भरलेल्या सिलेंडरवर उत्तम चाललेली भट्टी संध्याकाळी, गॅस शिल्लक असूनही, दम तोडते. बाहेर पत्र्यावर दवाची किंवा बर्फाची रेघ दिसते. ती रेघ म्हणजेच आतल्या द्रवाची पातळी. हाताने चाचपून पाहा, रेघेखाली पत्रा एकदम गार लागेल.

याला आणखी एक बाजू आहे. आपल्याकडचा एलपीजी प्रोपेन आणि ब्युटेनचं मिश्रण असतो. प्रोपेन उणे ४२ अंशांना उकळतो, ब्युटेन उणे अर्ध्या अंशाला. म्हणजे प्रोपेन आधी पळतो आणि सिलेंडर सरत येतो तसा मागे ब्युटेन उरत जातो. त्या ब्युटेनला शून्याच्या आसपास दाबच राहत नाही. डिसेंबर-जानेवारीत पुण्याचा पहाटेचा पारा १० अंशांच्या खाली जातो, पाषाणसारख्या भागात आणखी खाली. अशा पहाटे पाचला, तळाशी आलेल्या सिलेंडरवर पोह्यांची भट्टी पेटवली तर ती रडणारच. परदेशी व्हिडिओंमध्ये बर्फातही भट्टी पेटलेली दिसते, कारण तिथे शुद्ध प्रोपेनच्या टाक्या असतात. तो हिशोब आपल्या सिलेंडरला लागू होत नाही.

उपाय दोन आहेत. पहिला आणि खरा: दोन १९ किलोचे सिलेंडर मॅनिफोल्डने (दोन्हींचा गॅस एकत्र आणणाऱ्या जोडपाइपने) जोडून एकाच वेळी चालू ठेवा. प्रत्येकातून निम्माच गॅस निघतो आणि दोघांचा मिळून पत्रा दुप्पट, म्हणून गारठणं बरंच कमी होतं. जोडणी एजन्सीच्या किंवा जाणकार फिटरच्या हातून करून घ्या. घरी टी बसवून नळ्या जोडायचा हा प्रकार नव्हे. दुसरा, वेळेपुरता: सिलेंडर साध्या नळाच्या पाण्याच्या टबात उभा ठेवा, पाणी एक वीत पुरे. पाणी हवेपेक्षा फार भराभर उष्णता देतं. ते थंडगार झालं की बदला.

गरम पाणी ओतायचं नाही. उकळत्या पाण्याची बादली सिलेंडरवर रिकामी करण्याची आचाऱ्यांची जुनी सवय आहे, आणि ती धोक्याची आहे, कारण आतला दाब किती वाढला हे कोणालाच दिसत नाही. सिलेंडर भट्टीजवळ सरकवून शेकायचा नाही. आडवा पाडायचा तर मुळीच नाही. मग वाफेऐवजी द्रवच रेग्युलेटरमध्ये शिरतो आणि भट्टीतून अचानक भडका उठतो.

५ किलोचा छोटा सिलेंडर गच्चीवर न्यायला सोपा, म्हणून मोह होतो. मोठ्या भट्टीला तो पुरत नाही. गॅसच्या हिशोबाने पाच तास चालायला हवा, पण गारठून त्याच्या कितीतरी आधी ज्योत खाली बसते. लहान शेगडीला तो चांगला.

घरच्या १४.२ किलोच्या लाल सिलेंडरबद्दल स्पष्ट सांगायला हवं: तो घरच्या स्वयंपाकासाठीच आहे. फराळाच्या ऑर्डरसाठी किंवा कॅटरिंगला तो वापरणं हा २००० सालच्या एलपीजी पुरवठा आदेशाचा भंग आहे. व्यवसाय असेल तर निळा व्यावसायिक सिलेंडरच घ्यावा.

रेग्युलेटर

पेटवल्यापासून मंद, आणि भट्टी नुकतीच आणलेली किंवा भाड्याने घेतलेली असेल, तर सगळ्यात आधी इथे पाहा. घरगुती रेग्युलेटर गॅसचा दाब उतरवून साधारण ३० ग्रॅम प्रति चौरस सेंटीमीटरवर आणतो, म्हणजे ३० सेंटीमीटर पाण्याच्या स्तंभाएवढा. हाय प्रेशर भट्टीला अर्धा ते दीड किलो लागतो. वीस-पन्नास पटींचा फरक आहे. घरगुती रेग्युलेटरवर ती भट्टी मेणबत्तीसारखीच जळणार, आणि जेट कितीही साफ केलं तरी उपयोग नाही. उलट चूक अधिक वाईट: घरची लो प्रेशर शेगडी हाय प्रेशर रेग्युलेटरवर जोडली तर कॉक आणि नळी तो दाब सोसायला बनवलेलीच नसतात.

परदेशी बर्नरवर १० ते ३० पीएसआय असं लिहिलेलं असतं. म्हणजे सुमारे ०.७ ते २.१ किलो. आपला ० ते २ किलोचा फिरत्या नॉबचा रेग्युलेटर त्याला जुळतो, पण त्यांच्यासोबत आलेला रेग्युलेटर आपल्या वाल्ववर बसत नाही. बसवण्यासाठी कोणी अ‍ॅडॉप्टर घडवून देत असेल तर घेऊ नका; इथला आयएसआय खुणेचा रेग्युलेटर लावा.

काही रेग्युलेटरांत आणि जोडीला लावायच्या सेफ्टी डिव्हाइसमध्ये, गॅस एकदम धावला की वाट आवळणारी झडप असते. नळी फुटली तर तिने प्रवाह रोखावा यासाठी ती आहे. पण भट्टीचा कॉक आधीच उघडा ठेवून सिलेंडर झटक्यात चालू केला, तर तिला ती गळतीच वाटते. मग जेमतेम ज्योत येते आणि काही केल्या वाढत नाही. सिलेंडर बंद, कॉक बंद, रेग्युलेटरचा नॉब शून्यावर, दोन मिनिटं थांबा. मग सिलेंडर सावकाश उघडा, नॉब थोडा फिरवा, आणि पेटती काडी किंवा लायटर बर्नरपाशी धरून शेवटी कॉक उघडा. हा क्रम सवयीचा करून घ्या, पुष्कळ ‘बिघाड’ यातच संपतात.

रेग्युलेटरच्या टोपीवर एक बारीक भोक असतं, आतल्या पडद्याला श्वास घ्यायला. तेलकट धूळ, रंग किंवा मुंग्यांची माती तिथे बसली की दाब नीट सांभाळला जात नाही. भोक वरून कोरड्या ब्रशने साफ करा, आत काही खुपसू नका. पडदा कडक झाला किंवा फाटला असेल तर दुरुस्ती नाही, रेग्युलेटर बदलायचा. घरचा रेग्युलेटर तर गॅस कंपनीचाच असतो. तो खोलू नका, एजन्सीत नेऊन बदलून घ्या.

एक गोंधळ पुण्यात नेहमी दिसतो. घरी एमएनजीएलची (पाइपने नैसर्गिक वायू पुरवणाऱ्या कंपनीची) पाइपलाइन आली की शेगडीची जेट मोठ्या भोकाची करून देतात, कारण पाइपचा गॅस २१ मिलिबारवर (जवळपास तेवढेच ग्रॅम प्रति चौरस सेंटीमीटर) येतो आणि त्याच्या घनमीटरमध्ये एलपीजीच्या निम्म्याहून कमी उष्णता असते. सिलेंडरची जेट असलेली शेगडी या लाइनवर लावली तर ज्योत इवलीशी, आणि लाइनची शेगडी पुन्हा सिलेंडरवर लावली तर भलीमोठी पिवळी आणि काजळीची. जुनी शेगडी विकत घेताना ती कोणत्या गॅसची आहे हे विचाराच.

नळी आणि कॉक

नळी कुठे दुमडली, तिवईच्या पायाखाली चेपली, क्लिपने फार आवळली आहे का, हे पाहा. जुनी नळी बाहेरून ठीक दिसते पण आतून फुगून वाट अरुंद करते. काढून एका टोकाने उजेडाकडे पाहिलं की कळतं. आत तपकिरी तेलकट चिकटा साचला असेल तर तो धुऊन नळी पुन्हा वापरू नका, बदला. तारेच्या वीणेची, आयएस ९५७३ लिहिलेली आणि हाय प्रेशरला चालणारी नळी मागा. पाच वर्षांपुढे ठेवू नका, भेगा दिसल्या तर त्याआधीच फेका.

कॉक जड फिरत असेल तर आतलं ग्रीस वाळलं आहे. नवं भरताना हात आखडता ठेवा. गॅसच्या कॉकमधलं भोक बारीक असतं आणि जास्तीचं ग्रीस सरळ त्यातच जाऊन बसतं.

जेट

आता पिनेची पाळी, पण स्टीलची पिन नको. जेट पितळेचं, पितळ मऊ. १ मिलिमीटरचं भोक कोरून १.१ झालं तर गॅस २१ टक्के वाढतो. ज्योत मोठी झाली म्हणून आनंद होतो आणि मग आयुष्यभर काजळी घासावी लागते. उलट, १ मिलिमीटरच्या भोकात कडेने काट बसून ते ०.९ झालं तर गॅस १९ टक्क्यांनी घटतो. इतक्या बारीक फरकाची ही वस्तू आहे.

जेट पान्याने सोडवा. पकडीने धरलं तर कडा झिजतात. कोमट पाण्यात भांडी घासायच्या साबणाचे थेंब टाकून अर्धा तास भिजवा. मग विजेच्या मऊ वायरीतली तांब्याची एकच तार घेऊन भोकातून आरपार घाला, गोल फिरवू नका. सायकलच्या पंपाने मागून हवा मारा. उजेडाकडे धरा: भोक गोल आणि कडा स्वच्छ दिसली पाहिजे. लंबगोल दिसली तर जेट गेलं. जुनं सोबत नेऊन त्याच आकड्याचं, त्याच आट्यांचं नवं घ्या. रविवार पेठेत बोहरी आळीच्या बाजूला किंवा गॅस शेगडी दुरुस्त करणाऱ्याकडे नमुना दाखवून मागणं सगळ्यात खात्रीचं. जेटवर आकडा कोरलेला असेल तर तो कुठेतरी लिहून ठेवा.

जेट साफ करूनही दोन दिवसांत पुन्हा तुंबत असेल तर पांढऱ्या टेफ्लॉन टेपवर संशय घ्या. नळाला लावतात तसा हा टेप आट्यांच्या टोकापर्यंत गुंडाळला की त्याचे बारीक तंतू सुटतात आणि गॅसबरोबर वाहत नेमके जेटमध्ये अडकतात. गॅससाठीचा जाड पिवळा टेप वापरा आणि पुढच्या दोन आट्या कोऱ्या सोडा. जिथे निमुळत्या पितळेवर पितळ बसतं, त्या जोडाला टेप लागतच नाही. तिथे टेप लावला तर जोड उलट नीट बसत नाही.

हवेची नळी: कोळी, कुंभारीण आणि चकती

जेटमधून गॅस वेगाने सुटतो आणि पुढच्या जाड नळीत शिरताना सोबत हवा ओढून घेतो. त्या नळीत मिसळण झाली की वर भोकांवर निळी ज्योत. ही नळी तुंबली की हवा कमी पडते, ज्योत पिवळी, लुळी, वाऱ्याने डोलणारी होते, आणि गॅस तर पूर्ण जात असतो.

भट्टी वर्षातून दोन-तीनदाच वापरात येते. दिवाळीनंतर ती जिन्याखाली जाते आणि गणपतीलाच बाहेर निघते. मधल्या काळात नळी ही कोळ्याला आणि कुंभारणीला आयतीच जागा. कुंभारीण माशी मातीचं घरटं करते, ते वाळून विटेसारखं कडक होतं; कोळ्याचं जाळं बाहेरून दिसतही नाही पण हवा अडवायला पुरतं. म्हणून पहिल्या वापराआधी जेट सोडवून, बाटली धुवायचा लांब ब्रश नळीत आरपार फिरवा आणि टॉर्चने पाहा. बिडाच्या बर्नरमध्ये पावसाळ्यात गंजाचे पापुद्रेही सुटतात. बर्नर उलटा करून लाकडी हातोडीने हलकेच ठोका, मुठीएवढी भुकटी निघाली तरी नवल नाही.

जेट परत बसवताना ते नळीच्या अगदी मधोमध आणि सरळ रेषेत आलं पाहिजे. तिरकं बसलं तर गॅसची धार नळीच्या भिंतीवर आपटते, हवा ओढली जात नाही, आणि सगळं स्वच्छ असूनही ज्योत एका बाजूलाच जळते.

मग हवेची चकती. एक तृतीयांश उघडी ठेवून पेटवा. दोन मिनिटं तापू द्या. टोकं पिवळी असतील तर थोडी थोडी उघडत जा, पिवळं जेमतेम नाहीसं होईपर्यंत. ज्योत भोकांवरून उचलली गेली, खाली पोकळी दिसली, फार गुरगुरू लागली तर हवा जास्त झाली, मागे या. आतले सुळके गडद निळे, टोकदार आणि भोकांना चिकटलेले हवेत. मधूनच उडणाऱ्या केशरी ठिणग्यांची काळजी नको, ती धूळ किंवा मीठ असतं. ठरल्यावर चकतीचा स्क्रू आवळा, नाहीतर भट्टीच्या थरथरीने ती स्वतःच फिरते.

बर्नरची भोकं

उतू गेलेलं दूध, बुंदीचा पाक, चकलीचं तेल: हे भोकांवर जळून कोळसा होतं. भोकाच्या मापाचा ड्रिल बिट बोटांनीच फिरवून प्रत्येक भोक मोकळं करा; मशीन लावू नका. बिडाचा बर्नर धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्यात तासभर ठेवला तर पाक आणि तेल सुटतं. अ‍ॅल्युमिनियमच्या भागांना मात्र सोडा लावू नका, तो त्यांना खातो. धुतल्यावर बर्नर उन्हात पूर्ण वाळवा. आत पाणी राहिलं तर पहिली दहा मिनिटं ज्योत उडतविझत राहते आणि वाटतं, दुरुस्ती फसली.

पातेलं, तिवई, वारा

पातेलं ठेवल्यावरच ज्योत पिवळी होत असेल तर बूड आणि बर्नर यांतलं अंतर कमी आहे, किंवा पातेलं तिवईवर झाकणासारखं बसलं आहे. जळालेला वायू बाजूने निघायला वाट नाही, म्हणून नवी हवाही आत येत नाही. तिवईच्या दांड्यांवर सारख्या जाडीचे लोखंडी तुकडे बसवून अंतर एकेक सेंटीमीटरने वाढवा आणि ज्योत पाहा. निळ्या सुळक्यांची टोकं बुडाला जेमतेम स्पर्श करतील ती उंची बरोबर. आतला गडद सुळका बुडाला चेपला गेला तर काजळी आणि कार्बन मोनॉक्साइड दोन्ही तयार होतात. काही केल्या जमत नसेल तर पातेलं भट्टीसाठी मोठं आहे. ८० लिटरचा टोप एका रिंगेच्या लहान भट्टीवर चढवण्यापेक्षा दोन भांडी केलेली बरी.

गच्चीवर वारा हे अर्ध्या तक्रारींचं मूळ असतं. पत्र्याचा आडोसा तीन बाजूंनी, खालून चार बोटं फट सोडून लावा. सिलेंडर आडोशाच्या बाहेर, भट्टीपासून नळी पुरेल तितका लांब, शक्यतो दोन-तीन मीटर. त्याच्याभोवती पत्रा लावून भट्टीची धग अडकवून ठेवू नका, आणि वाल्वपर्यंत हात कायम पोचला पाहिजे.

पुन्हा जोडल्यावर

एका वाटीत थोडा भांड्यांचा साबण आणि पाणी मिसळून फेस करा. सिलेंडर उघडा, भट्टीचा कॉक बंदच ठेवा, आणि प्रत्येक जोडावर ब्रशने फेस लावा: वाल्व, रेग्युलेटर, नळीची दोन्ही टोकं, कॉक. अर्धा मिनिट पाहा. बुडबुडा फुगत असेल तर बंद करून जोड पुन्हा बसवा. कॉक आणि जेटमधला जोड मात्र भट्टी पेटवल्यावरच तपासता येतो, तोही दुरून ब्रशने. काडी ओढून गळती शोधायची नाही. वाल्वपाशीच गळत असेल आणि थांबत नसेल तर सिलेंडरची टोपी लावा, सिलेंडर मोकळ्या हवेत न्या आणि १९०६ वर फोन करा; एलपीजी गळतीसाठीचा तो चोवीस तास चालणारा क्रमांक आहे.

सगळं ठीक झालं की २० लिटरचा प्रयोग पुन्हा करा. लागलेली मिनिटं, गेलेला गॅस, गेजचा आकडा आणि जेटचा नंबर एका पट्टीवर लिहून ती पट्टी तिवईच्या पायाला बांधा, बर्नरपासून दूर. पुढच्या गणपतीत भट्टी दुसऱ्याच कोणाच्या हातात असेल, आणि १९ मिनिटांऐवजी २६ लागली तर त्याला कारण शोधायला सुरुवात कुठून करायची ते कळेल. आत ठेवताना बर्नर कोरडा करून बाहेरून तेलाचा हात फिरवा, नळी गुंडाळून वेगळी टांगा, हवेच्या नळीचं तोंड आणि जेट रंगीत फडक्याने घट्ट बांधा. फडकं भडक रंगाचं घ्या, म्हणजे पेटवण्याआधी ते काढायचं राहणार नाही.